क्लारामायचं लाल चौकड्यांचं लुगडं

चेन्नईतल्या पेरांबूरच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी बाई वारली की पहिला निरोप डॉक्टरला जाई आणि दुसरा क्लारामायला. पुष्कळदा दुसराच आधी जाई. डॉक्टर येऊन काय सांगणार ते घरच्यांना ठाऊकच असायचं. पण बाईला शेवटचं न्हाऊमाखू घालून नेसवायचं कुणी, हा खरा पेच, आणि त्याचं उत्तर त्या भागात साठ वर्षं एकच होतं.

ऋजुताला हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते बरंच झालं म्हणायचं. ती सांगलीची, नोकरी चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला शोळिंगनल्लूरला, सॉफ्टवेअरची. तिथेच तिला जोएल मच्याडो भेटला आणि दोन्हीकडच्या रुसव्याफुगव्यांतून वाट काढत ती क्लारामायची नातसून होऊन पेरांबूरच्या घरात आली. घरात तमिळ चाले. सासू आरोग्यमेरी तिकडे तूत्तुकुडीची, सासरा रेमंड जन्मला वाढला इथेच. अशा घरात आल्याच्या दुसऱ्या सकाळी नव्वदीला टेकलेली एक उंच, काटक म्हातारी नाईटीवर टॉवेल टाकून तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काय गो, झोप लागली का? की मच्छरांनी फोडून खाल्ली?"

चेन्नईत, ख्रिस्ती घरात, येशूच्या तसबिरीखाली हे ऐकून ऋजुताला रडूच आलं. माहेरी आलेल्या पोरीसारखी ती म्हातारीच्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून या दोघींचं गूळपीठ जमलं.

क्लारामाय वसईची. नवरा रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला, त्याच्यामागोमाग पंचविशीची ही पोर मद्रासला आली. अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं, मागे घट्ट खोचलेला कासोटा, पोटऱ्या उघड्या. कॉलनीतल्या तमिळ बायका बघतच राहिल्या. हिला तमिळचं अक्षर येत नव्हतं आणि बायकांना हिचं काही कळत नव्हतं. मग एका सकाळी शेजारच्या भिंतीपलीकडून कुणी म्हणालं, "कोठली ग तू? मराठी बोलत्येस की." त्या अन्नपूर्णाबाई. तंजावरच्या मराठी ब्राह्मण, तीनशे वर्षांमागं त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून खाली आलेले. त्यांची मराठी जुनीपुराणी, तमिळच्या चालीवर झुलणारी. हिची वसईची, समुद्रकाठची. निम्मं कळे, निम्मं अंदाजाने चाले, पण त्या भिंतीवरून जी बोलणी सुरू झाली ती पुढे कधी थांबली नाहीत.

सोवळं मात्र सोवळ्याच्या जागी. अन्नपूर्णाबाईंनी क्लारामायच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही. आपल्यासारख्याला राग येईल. क्लारामायला येत नसे. ती म्हणायची, "पाणी पीत नाही गो माझं, पण माझ्या घशाला कोरड पडली की तिलाच आधी कळते."

आता नेसवण्याचं. त्याची सुरुवात कशी झाली ते ऋजुताने तिच्याच तोंडून ऐकलं होतं, लसूण सोलता सोलता. कॉलनीत आंध्रकडची एक लहान वयाची बाई बाळंतपणात गेली. माणसं लांबची, नवरा वेड्यासारखा भिंतीला टेकून बसलेला. कुणीतरी मुलीला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं. क्लारामाय तेव्हा स्वतः तरुण, ती आत गेली, बघून बाहेर आली आणि तडक स्टेशनपलीकडच्या तेलुगू वस्तीत जाऊन एका बाईला विचारत बसली, तुमच्यात साडी कशी नेसतात, मला दाखव. शिकून परत आली आणि त्या मुलीला तिच्या गावच्या पद्धतीने नेसवलं. केस विंचरले, फुलं माळली. नवऱ्याने आत येऊन पाहिलं आणि म्हणाला, आता ही माझी बायको दिसते.

"तेवढंच ऐकलं मी," क्लारामाय म्हणाली, "आणि म्हटलं, हे काम आपलं."

मग बाई शिकतच गेली. केरळच्या ख्रिस्ती म्हातारीच्या कमरेच्या पांढऱ्या मुंडूला मागे पंख्यासारख्या चुण्या पाडायच्या असतात, त्या ती पाडे. जॉर्ज टाउनमधल्या गुजराती व्यापाऱ्याच्या आईचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायचा, तो ती घेई. अँग्लो-इंडियन बायकांना फ्रॉक, मोजे, आणि ज्या हयातभर लावत आल्या त्यांना लिपस्टिकसुद्धा. मुसलमानांच्यात त्यांच्या बायका सगळं करत, तिथे ही नुसती दाराशी बसून राही. पैसा कधी घेतला नाही. चहा घेई, तो मात्र कडक लागे आणि पाणचट दिला तर तोंडावर सांगे. मयताच्या घरीसुद्धा सांगे.

तिचा एकच कायदा होता. ज्या बाईने जन्मभर जे नेसलं, त्यातच ती गेली पाहिजे. "देवाच्या दारात उभी राहिल्यावर त्याने विचारायला नको, ही कोण म्हणून," असं ती म्हणे. देव एवढा विसराळू आहे का, असं एकदा नव्या फादरांनी हसत विचारलं. क्लारामाय म्हणाली, "फादर, गर्दी किती असते तिथे."

ऋजुता पहिल्यांदा तिच्याबरोबर गेली ती पिशवी धरायला. पिशवीत कंगवा, खोबरेल, मऊ पंचा, सेफ्टी पिना. जोएल गावाला गेलेला, म्हातारीला रिक्षातून एकटीला कसं सोडायचं, म्हणून ही गेली आणि दारातच थबकली. आत क्लारामाय मेलेल्या बाईशी बोलत होती. "चल गो बाय, हात दे आता. हा असा. आता कूस बदल, मी आहे ना धरायला." कुणी चुकून बॉडी म्हटलं की डोळे वटारी. "बाई म्हण. नाव असेल तर नावाने बोलाव."

दुसऱ्या वेळी ऋजुताने पाण्याचं भांडं धरलं. नंतर नंतर ती खांद्याला हात लावू लागली. निजलेल्या बाईला नेसवणं वेगळं असतं, उभ्या बाईसारखं नाही. आधी एका कुशीवर वळवून कापड पाठीखाली अर्धं गुंडाळून सरकवायचं, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन ते पलीकडून ओढायचं, निऱ्या आधी हातावर करून मग कमरेशी बसवायच्या. क्लारामायचे हात थरथरू लागले तेव्हा ते सगळं ऋजुताच करायची आणि म्हातारी खुर्चीत बसून सांगायची. घरी आल्यावर ऋजुताला नवल वाटत राही. दिवसभर मीटिंगांमध्ये लोकांशी भांडून आलेली ती, पण त्या खोल्यांमध्ये मन इतकं शांत कसं होतं, ते तिला कळत नसे. भीती कुठे गेली तेही कळलं नाही.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यापायी पुढचा सगळा घोळ झाला.

एका रविवारी मिसाहून आल्यावर क्लारामायने पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. आत जुन्या सुती कापडात बांधलेलं तेच लाल चौकड्यांचं लुगडं होतं. नवरा गेल्यावर तिने साध्या साड्या धरल्या आणि गुडघे गेल्यावर नाईटी. हे लुगडं मात्र डांबराच्या गोळ्या घालून जपलेलं. ती म्हणाली, "मला जाताना हे. रेमंड भोळा आहे, पेटीवाला देईल तो झगा घालेल. झगा घातलात तर बघा. तुला नेसवता येईल ना? नाहीतर आत्ता सांग, बसून दाखवते."

ऋजुता म्हणाली, "माय, नऊवारी मला येते की. कॉलेजात प्रत्येक गॅदरिंगला नेसायचे."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खोटं नव्हती बोलत बिचारी. नेसायचीच ती. फक्त तिची नऊवारी शिवलेली होती, निऱ्या आयत्या, कासोटा आयता, बाजूला चेन आणि वर हुक. सलवारीत पाय घालावेत तसे घालायचे आणि चेन ओढायची. आजकालच्या पोरी ह्यालाच नऊवारी म्हणतात हे क्लारामायला कुठून कळणार, आणि नऊवारी उघडली की नुसतं नऊ वार कापड हातात येतं हे ऋजुताला कुठून सुचणार. म्हातारी निश्चिंत झाली. "चला, एक काम झालं," म्हणाली, आणि ट्रंक परत आत गेली.

जूनच्या एका सकाळी क्लारामायने कॉफी घेतली, कप खाली ठेवला, आरोग्यमेरीला म्हणाली आज साखर बरोबर आहे, आणि आरामखुर्चीत मान टेकवली ती टेकवलीच. वय त्र्याण्णव.

दफन त्याच दिवशी संध्याकाळी ठरलं. दुपारपर्यंत अंगण माणसांनी भरून गेलं. पेटीवाला शवपेटी घेऊन आला, त्याने पांढऱ्या सॅटिनचा झगा आणि हातमोजे बाकावर ठेवले. रेमंड डोळे पुसत म्हणाला, हेच घाला, काय फरक पडतो आता. ऋजुता म्हणाली, "नाही बाबा. मायला शब्द दिलाय मी. लुगडंच." तिने दार लावून घेतलं. आत ती, सासू आणि खाटेवर क्लारामाय. दोघींनी तिला न्हाऊ घातलं, पुसलं, चोळी घातली, केसांना तेल लावलं. इथवर ऋजुताचे हात आपोआप चालत होते. मग तिने ट्रंकेतलं बोचकं सोडलं आणि लुगडं झटकलं.

नऊ वार कापड खोलीभर पसरलं. ना चेन, ना हुक, ना कुठे सुरुवात, ना कुठे शेवट.

ऋजुताने एक टोक हातात घेतलं, मग दुसरं. काहीच जुळेना. तिने मोबाईल काढला. त्यात नवरीची नऊवारी होती, लावणीची होती, पेशवाई होती, पाच मिनिटांत नेसा अशी होती. वसईच्या ख्रिस्ती बायकांचं आखूड लुगडं काही सापडेना. तिने वसईला रेमंडच्या मामेबहिणीला फोन लावला. ती आधी रडली, मग म्हणाली, "अगं, आमच्यात आता नेसतं कोण? कार्यक्रमाला घालतात मुली, पण ती शिवून मिळतात." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ऋजुता भिंतीला टेकून खाली बसली. जिने अवघ्या पेरांबूरला ज्याच्या त्याच्या वेषात पाठवलं, तिची स्वतःची नेसण या घरात एकालाही येत नव्हती. आरोग्यमेरीला ऋजुता तमिळ रिवाजाप्रमाणे अत्तै म्हणे. तिला म्हणाली, "अत्तै, मी मायला फसवलं."

आरोग्यमेरीच्या आईलाही क्लारामायनेच नेसवलं होतं. आरोग्यमेरीने जमिनीवरच्या लुगड्याकडे पाहिलं, नंतर सासूकडे पाहिलं आणि दार किलकिलं करून बाहेर गेली. आली ती अन्नपूर्णाबाईंना घेऊन.

अन्नपूर्णाबाई सकाळपासून व्हरांड्यात खुर्चीवर बसून होत्या. आत आल्या नव्हत्या, कुणी आग्रहही केला नव्हता. नव्वदीला दोनतीन वर्षं कमी, काठी टेकत चालणाऱ्या, अंगावर त्यांची स्वतःची नऊवारी. उंबऱ्याशी त्या क्षणभर थांबल्या आणि आत आल्या. खाटेकडे पाहून म्हणाल्या, "निजली. मज न सांगता निजली." मग ऋजुताकडे वळल्या. "काय झालं?"

ऋजुताने सगळं सांगितलं. शिवलेल्या नऊवारीचंही.

"लुगडं कोणी शिवतं काय?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच समजेना. "शिवलं तर ते परकर झालं. सरी, असू दे. हे लुगडं मज येतं. रेमंड पोटात होता ना, तेव्हा हिचे हात सुजले. कासोटा खोचता येईना. चार-पाच महिने रोज पहाटे मी भिंतीपाशी येऊन हिला नेसवलं आणि मग जाऊन न्हायले. माझ्या सासूस शेवटपर्यंत कळलं नाही."

सासूच्या संगतीत मराठी कळू लागलेल्या आरोग्यमेरीलाही हे नवीन होतं. तिने कपाळाशी हात नेऊन क्रुसाची खूण केली.

"पण उभ्या बाईस नेसवलं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "निजलेल्या बाईस मज येत नाही."

"निजलेल्या बाईला मला येतं, आजी," ऋजुता म्हणाली. "पण ही नेसण येत नाही."

बाहेर कुणीतरी माळेची प्रार्थना सुरू केली होती, तिचा एकसुरी आवाज दारातून येत होता. अन्नपूर्णाबाईंनी काठी भिंतीला टेकवली.

"मग मी नेसत्ये. तू बघ आणि शीक."

ऋजुताला आधी उमगलंच नाही. म्हातारी आपल्या नऊवारीचा पदर सोडायला लागली तेव्हा ऋजुताने तिचा हात धरला. "आजी, अहो, हे मायचं शेवटचं वस्त्र आहे."

"ठाऊक आहे."

"हे अंगाला लावून कसं चालेल तुम्हाला?"

"मज चालतं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तिने कुणास कधी विचारलं काय, चालतं की नाही? धर ते टोक."

ज्या बाईने साठ-पासष्ट वर्षांत या घरचं पाणी घेतलं नव्हतं, ती त्या घरच्या मेलेल्या बाईचं जाण्याचं लुगडं अंगावर घेऊन मधोमध उभी राहिली. एका बाजूने आरोग्यमेरीने तिला कंबरेशी धरलं. थकलेली बोटं लुगड्यावरून फिरू लागली, पण चुकत नव्हती. इथे गाठ. इतकं कापड डावीकडे. ह्या निऱ्या, मोठ्या नको, हिला मोठ्या आवडत नसत. मधलं टोक पायांतून मागे, घट्ट, मागे खोच. आता पदर. ऋजुता डोळ्यांची पापणी न लववता बघत होती, आणि प्रत्येक वळणाला मनात म्हणत होती, हे निजलेल्या बाईला डाव्या कुशीवर, हे उजव्या. शेवटी पदर खांद्यावर आला. लाल चौकड्यांच्या लुगड्यात ती वाकलेली ब्राह्मण म्हातारी भिंतीला हात लावून उभी होती, आणि पोटऱ्या उघड्या पडलेल्या, पासष्ट वर्षांपूर्वीच्या क्लाराच्या होत्या तशा.

"कळलं?"

"कळलं."

"मग सोड."

लुगडं अन्नपूर्णाबाईंच्या अंगावरून उतरलं ते ऋजुताने हातांवर घेतलं. ते ऊबदार होतं. ट्रंकेतून काढलं तेव्हा थंडगार, डांबराच्या वासाचं होतं. आता त्याला माणसाच्या अंगाची ऊब होती. ती ऊब जायच्या आत तिने ते खाटेवर नेलं.

"माय," ती म्हणाली. तिने म्हातारीच्या खांद्याखाली हात घातला. "चला माय, हात द्या आता. हा असा. आता कूस बदला. मी आहे ना धरायला."

डाव्या कुशीवर अर्धं कापड, उजव्या कुशीवर उरलेलं. निऱ्या बारीक, हातावर मोजून. कासोटा मागे नेताना आरोग्यमेरीने कंबर उचलून धरली. अन्नपूर्णाबाई आपल्या नऊवारीत परतून खुर्चीवर बसल्या होत्या आणि डोळे बारीक करून बघत होत्या. एकदाच बोलल्या, "ढिलं झालं, आवळ." शेवटी त्या उठल्या, पुढे आल्या, आणि जिला त्यांनी दिवसभरात हात लावला नव्हता तिच्या खांद्यावरची एक निरी बोटाने सरळ केली. मग काही न बोलता अंघोळ करायला घरी गेल्या.

दार उघडलं. रेमंड आत आला आणि खाटेपाशी थबकला. पासष्टीचा माणूस, मराठी केव्हाच विसरलेला, तो तमिळमध्ये बोलायला गेला आणि त्याच्या तोंडून लहानपणचं निघालं. "आमची माय," तो म्हणाला. "ही अशी मला शाळेत सोडायला यायची." मग खाली बसून लहान मुलासारखा रडला. बाहेरची माणसं एकेक करून आली. ज्यांच्या आया, सासवा, बहिणी तिने नेसवल्या होत्या त्या घरांतली माणसं होती ती, तेलुगू, मल्याळी, तमिळ, गुजराती. त्यांतल्या बहुतेकांनी तिला साडीत नाहीतर नाईटीतच पाहिलेलं. हातात माळ, अंगावर लाल चौकड्या, पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे, अशी ती त्यांना पहिल्यांदाच दिसली. एका म्हाताऱ्याने चपला काढल्या, त्याच्यामागच्यांनीही काढल्या. ऋजुता कोपऱ्यात उभी होती. एवढी मोठी बाई आपल्याला "काय गो" म्हणून हाक मारायची, ह्याचं तिला त्या घटकेला अपार नवल वाटलं.

पेटी गल्लीतून निघाली तेव्हा शेजारच्या भिंतीपलीकडे अन्नपूर्णाबाई ओल्या केसांनी उभ्या होत्या.

सातव्या दिवसाची मिसा झाली, पाहुणे पांगले. शनिवारी सकाळी ऋजुता मागच्या अंगणात क्लारामायची नाईटी वाळत घालत होती. टाकून द्यायची होती ती, पण धुवून झाल्याशिवाय टाकवेना. भिंतीपलीकडून काठीचा आवाज आला.

"ऋजुता, इकडे ये."

"काय हो आजी?"

"माझी नेसण शिकून घे. तुमच्या सांगलीसारखी नाही ती, कासोट्यास फरक आहे. माझ्या सुना पॅन्ट घालतात, त्यांस कळत नाही."

ऋजुताच्या हातातला चिमटा हातातच राहिला. "आज?" ती म्हणाली. "आजी, एवढी काय घाई आहे?"

"मग केव्हा?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मी मेल्यावर शिकवू काय? ती तुझ्यावर विसंबली आणि काय झालं ते पाहिलंस ना."

ऋजुताला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले. तिने ओले हात पुसले, मोबाईल मुद्दाम आत ठेवला, आणि भिंतीला वळसा घालून त्यांच्या दाराशी गेली. अन्नपूर्णाबाईंनी दोन नऊवाऱ्या काढून ठेवल्या होत्या, एक त्यांच्यासाठी आणि एक तिच्यासाठी.